राजूरचे दिवे, मुकुटबनची शपथ

राजूरला सहलीला कुणी जात नाही. जातो तो कोळशाच्या कामाला, नाहीतर तिथे कामाला असलेल्या माणसाला भेटायला. मी गेले होते धाकट्या भावाला, प्रवीणला, आणायला. तिथून त्याला सोबत घेऊन मुकुटबनला मुलगी बघायला जायचं होतं. झालं भलतंच. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधीच सांगते, मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली. बाबा होते तोवर कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे, आई अजूनही वेचणीला जाते. मी दिग्रसच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे, थोडं मोठेपणासाठीही सांगते. फुकट मिळालेलं नाही ते.

दिग्रस

निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस आईचा एकच कार्यक्रम होता. येईल त्या बाईला मोबाईलवर प्रवीणचे दोन फोटो दाखवायचे. एक राजूरला जाण्याआधीचा, गाल बसलेला. दुसरा आताचा.

"पाय वो कसा गोल गोल झाला माहा पोरगा. राजूरचं पानी मानवलं त्याले."

बायाही म्हणायच्या, "हाव ना बाई, नवरदेवाची कळाच आली तोंडावर."

मला ती कळा बरी वाटली नाही. चेहरा थाळीसारखा गोल, मानेमागे मांसाचा उंचवटा, आणि बाहीतून निघालेले हात मात्र तुराटीसारखे. खाऊनपिऊन सुटलेला माणूस सगळीकडून सुटतो. मी आईला तसं बोलले.

"तुले सगळ्यातच रोग दिसते," आई म्हणाली. "शिकली म्हून डोयात भिंग बसवलं काय वो?"

मुलगी बघायला बाप्या माणूस सोबत हवा, म्हणून रशीदचाचा आले. ते बाबांचे जिवलग मित्र. दिग्रसला त्यांचं गॅरेज आहे, आणि त्यांची जुनी व्हॅन त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बेटा, तिथं लोकं विचारतीन हे कोन, तं काय सांगशीन?"

"चाचा आहेत म्हणेन."

"नाई. वडिलाच्या जागी हाय म्हनजो." आणि मग लगेच हॉर्न वाजवला, म्हणजे पुढे कुणी काही बोलू नये.

आर्णीला तर्रीपोहे खाल्ले. घाटंजीच्या पुढे रेडिएटरचा पाइप फुटला. चाचांनी सीटखालून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, पाइपाला करकचून गुंडाळली आणि म्हणाले, "हे आता कयामतपर्यंत टिकते." ती वणीपर्यंत टिकली. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर शेंगांनी वाकलेली, मधूनच सागाचं रान. वणी जवळ येऊ लागली तसा कापसाचा रंग बदलला. झाडावरचा कापूसच राखट दिसायला लागला. आमच्याकडे घरी आणल्यावरही कापूस पांढरा असतो. इथे तो कोळशाच्या धुळीने बोंडातच मळतो.

राजूर

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. तो मावळला, पण अंधार काही पडला नाही.

खाणीच्या कडेने उंच लोखंडी खांब आहेत आणि त्यांवर पांढऱ्याफटक दिव्यांचे झुपके. सूर्य खाली गेला की ते पेटतात. सगळं गाव एका न संपणाऱ्या दुपारी चारमध्ये अडकल्यासारखं दिसतं. सावल्या काळ्या आणि धारदार. गल्लीतली कुत्री त्या उजेडात पडली होती खरी, पण झोपलेलं एकही नव्हतं.

प्रवीण एका ठेकेदाराकडे डंपर चालवतो. पाळी दर आठवड्याला बदलते: एकदा दिवसाची, एकदा संध्याकाळची, एकदा रात्रीची. चार पोरांची एक खोली, आणि खाट कधी गार पडत नाही. एक उठला की दुसरा पडतो. खिडकीला खताच्या पिशव्यांचं काळं प्लास्टिक चिकटवलेलं.

खोलीच्या दारात चाचांनी कडीला हात घातला, तशी समोरच्या घरातली एक बाई धावतच आली.

"ओ भाऊ! ओ भाऊ! बूट दिसून नाई राह्यले काय?"

दाराशी कामाचे जाडजूड बूट उलटे ठेवले होते, तळवे वर करून. त्या गल्लीचा तो नियम आहे. बूट उलटे असले की आत पाळीवरून आलेला माणूस झोपला आहे, कडी वाजवायची नाही. भाजीवालाही त्या दारासमोरून मुकाट जातो. लेकरं तिथे खेळत नाहीत. आमच्या दिग्रसला चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होतं म्हणून आई धावत येऊन सरळ करते. आणि दिवस वर आल्यावरही झोपलेल्या माणसाला आळशी म्हणतात. इथे मला ते उलटे बूट पाहून बरं वाटलं. माणसाच्या झोपेची एवढी कदर मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नव्हती.

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. प्रवीण उठून बाहेर आला आणि मला क्षणभर ओळखू आला नाही. फोटोत होता त्याहून गोल. गालांवर लाली, डोळे बारीक झालेले. "ताई!" म्हणून तो वाकला, तेव्हा त्याच्या हातावर जांभळे डाग दिसले, कुणी चिमटे काढल्यासारखे.

"कुठे आपटलास?"

"कोठीच नाई. असेच येते ते."

त्याची तेव्हा सकाळ होत होती. बाहेरच्या उजेडात बसून त्याने नाश्ता म्हणून पोहे खाल्ले. मग खिशातून कागदाची पुडी काढून एक बारीक पांढरी गोळी तोंडात टाकली. पुडीवर पेनाने सूर्य काढला होता. दुसऱ्या पुडीवर चंद्र होता.

"ही कशाची?"

"कंबरीची. डंपरात बसून कंबर मोडते ना, ताई. चौकात भेटते. इथं सगळेच खाते. आन् हे खाल्ली की झोप येतच नाई, एका कामात दोन कामं होते."

"आणि चंद्राची?"

"झोपीची. सकायी आल्यावर खातो. नाईतं दिवसा झोप कुठची?"

"पण हिच्यावर सूर्य काढलाय. म्हणजे सकाळी खायची."

"मंग?" तो हसला. "माही सकाळ आत्ताच झाली ना."

मागच्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीपासून तो ह्या गोळ्या खात होता. मी त्याला गोळ्यांचं मूळ पाकीट मागितलं, त्यावरचं नाव मोबाईलवर शोधलं. सूर्याची गोळी स्टेरॉइड होती.

इथे थोडी शिकवणी घेते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या मेंदूत, दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. उंदराला आहे, म्हशीला आहे, माणसाला आहे. तेच सस्तन प्राण्याचं घड्याळ. डोळ्यांत शिरणारा उजेड त्याला रोज चावी देतो, आणि पांढरा-निळसर उजेड सगळ्यांत जोरात देतो. झोप कधी, भूक कधी, अंगाचं तापमान कधी चढायचं आणि कधी उतरायचं, हे ते ठरवतं. पहाट व्हायच्या आधीच ते किडनीवर बसलेल्या दोन ग्रंथींना सांगावा धाडतं, आणि त्या उठायचं बळ रक्तात सोडतात. प्रवीणची गोळी त्याच बळाची नक्कल आहे. तो ती संध्याकाळी खात होता. म्हणजे वरून दिवे सांगत होते दिवस आहे, आतून गोळी सांगत होती पहाट आहे, आणि मग सकाळी चंद्राची गोळी सांगायची की रात्र झाली. ह्या तिघांच्या भांडणात त्याचं शरीर कुणाचं ऐकणार?

एवढं मला येत होतं. ह्याच्या पुढचं मुकुटबनला कळलं.

"प्रवीण, तू ह्याच्यावर डंपर चालवतोस?"

"ह्याच्यावरच चालते तो," तो म्हणाला, आणि बूट सरळ करून पायात घालून कामावर गेला.

मुकुटबन

तो सकाळी पाळीवरून आला तो अंघोळ करून तसाच व्हॅनमध्ये बसला. झोप नाही, काही नाही. चाचांनी वणीला पाइप बदलून घेतला. पुढे झरीकडची वाट. तेलंगण जवळ असल्याने दुकानांच्या पाट्यांवर मधूनच तेलुगू अक्षरं, आणि चहाच्या टपरीवर अर्धं बोलणं तेलुगूत. चाचांनी तिथेही एकाशी गप्पा मारल्या. दोघांना एकमेकांचं काय कळलं देव जाणे, पण दोघेही हसत होते.

मुलीच्या वडिलांचं नाव नामदेवराव. शेत आहे, तीन म्हशी आहेत. अंगणात पाऊल ठेवताच मला दिसला तो गोठ्यावरचा दिवा. उंच बांबूवर बांधलेला, राजूरसारखाच पांढरा, आणि भर उन्हात पेटलेला.

"बंदच नाई करत जी," नामदेवराव म्हणाले. "मांगच्या साली बाजूच्याचं वासरू नेलं वाघानं. तवापासून लावला. पन काय झालं मॅडम, म्हशीच बिघडल्या. एकही गाभण नाई. डॉक्टर आनला, सुया मारल्या, काई नाई."

मला राहवलं नाही. म्हैस पावसाळा सरताना, रात्र मोठी व्हायला लागली की माजावर येते. रात्र वाढते आहे हे तिला डोळ्यांनीच कळतं. रात्रभर हा दिवा पेटलेला, म्हणजे तिच्या लेखी उन्हाळा सरतच नाही. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसाचं ऐकायची त्यांना सवय दिसली.

मग म्हणाले, "बरोबर असन तुमचं. पन दिवा बंद केला तं म्हैस राहीन काय?"

त्यांच्याकडे वाघ होता, माझ्याकडे नुसतं कारण होतं.

जेवण मात्र असं होतं की आठवण निघत नाही: ओल्या तुरीचे सोले घालून केलेली वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. चाचा म्हणाले, "पोरगी पास. आता पोरगं पास होते का पाहा." सगळे हसले. प्रवीण हसला नाही, तो भिंतीला टेकून बसला होता.

मुलगी आली. पल्लवी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, उंच, सावळी, सरळ बघणारी. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असे ठरलेले प्रश्न झाले. तिने ठरलेली उत्तरं दिली. मग नामदेवराव रिवाजाप्रमाणे म्हणाले, "तुले काई पुसाचं असन तं पूस." हे सगळीकडे म्हणतात, आणि मुलगी मान हलवून आत जाते.

पल्लवी गेली नाही. ती प्रवीणकडे बघत होती. त्याची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं. तो गाढ झोपला होता.

"नवरदेव दमला वाट्टे," तिची आई पदराआड हसत म्हणाली.

चाचांनी त्याला कोपराने ढोसलं. तो दचकून उठला. पल्लवीने विचारलं, "तुमी स्टेरॉइडच्या गोळ्या घेता काय?"

प्रवीणचा चेहरा आणखी लाल झाला. "मी दारू पेत नाई," तो म्हणाला. "खर्राही खात नाई."

"मी दारूचं नाई पुसलं. तोंडावर सूज हाय. हातावर डाग हाय. मी वॉर्डात असे पेशंट पाह्यते."

नामदेवरावांनी मला विचारलं. मी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. आहे ते सांगितलं, दोन्ही गोळ्यांचं.

मला वाटलं, आता उठा म्हणतील. पण ते प्रवीणच्या शेजारी जाऊन बसले, अगदी जवळ.

"पाय बाबू. मी पंधरा वर्सं दारू पेलो. शेत गेलं असतं माहं. एक दिवस ह्याच देवाऱ्यासमोर हात ठेवला, शपथ घेतली, तवापासून थेंब नाई. सुटते. गोळ्या म्हंजे नशाच. चाल ऊठ."

आमच्याकडे व्यसन असंच सोडतात. देवासमोर, चार लोकांसमोर, एका दमात. कुणी माळ घालतो, कुणी लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या शपथेला सगळं गाव राखण असतं, आणि म्हणून ती टिकते. नामदेवरावांची टिकली होती. त्यांनी प्रवीणला स्वतःजवळची सगळ्यांत मोठी गोष्ट देऊ केली होती.

"बाबा," पल्लवी दारातून म्हणाली, "ह्या गोळ्या एकदम नाई सोडत. कमी कमी करत सोडा लागते. अंगाले आपलं काम पुन्हा शिका लागते, तवर..."

"तू गप राय. मी दारू कमी कमी करत सोडली असती तं आज पेतच असतो."

"दारूचं वेगळं हाय!"

मीही म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवू, मग काय ती शपथ घेऊ. चाचांनी माझा हात दाबला. "बेटा, पोरगा चांगल्या कामाले हात घालून राह्यला. मधात नको बोलू."

आणि प्रवीण. झोपेत पकडला गेलेला, एका मुलीसमोर नशाबाज ठरलेला. तो ताठ उठला, देव्हाऱ्यावर हात ठेवून स्वच्छ आवाजात म्हणाला, "आजपासून ह्या गोळ्या माह्या तोंडात जानार नाई. शपथ." मग खिशातली पाकिटं काढून चुलीत टाकली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास भरला. नामदेवरावांनी त्याला मिठी मारली. गूळ वाटला.

निघताना पल्लवी मला चपला दाखवायच्या निमित्ताने बाहेर आली. "ताई, उलट्या झाल्या, चक्कर आली, तं थांबू नका. दवाखान्यात गेल्यावर पह्यले हेच सांगा, का गोळ्या एकदम बंद केल्या म्हून."

गुळाचा खडा माझ्या हातातच होता. मी तो खाल्ला नाही.

पुन्हा राजूर

मी दिग्रसला परत जायचं लांबवलं. चाचाही थांबले. म्हणाले, "व्हॅनचं काम हाय." काम झालेलं होतं. समोरच्या त्या बाईने मला तिच्या घरी झोपायला जागा दिली.

सुरुवातीला तो बरा होता. अभिमानात होता. खोलीतल्या पोरांना सांगत फिरला. मग कंबर धरली, मग भूक गेली. मी दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचा, "दारू सोडनाऱ्यालेही असंच होते, मामा म्हनत होते." नामदेवरावांना तो मामा म्हणायला लागला होता. दिवसपाळी सुरू व्हायची होती, ती सुरू झाल्यावर सगळं जागेवर येईल असं त्याचं म्हणणं.

दिवसपाळीच्या पहिल्या सकाळी मी त्याला चहा द्यायला गेले. दाराशी त्याचे बूट उलटे होते.

कामावर गेला नाही, झोपला आहे, बरं झालं, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांची झोप तुंबलेली. मी चहा परत नेला. उन्हं चढली. गल्लीतून लोक गेले-आले, सगळे बूट पाहून पाय न वाजवता. खोलीतला एक पोरगा गावी गेला होता, बाकीचे दोघे पाळीवर होते. गल्ली आपला नियम नेमाने पाळत होती.

चाचा जेवायला आले आणि विचारलं, "प्रवीण कुठाय?"

"झोपलाय. बूट उलटे आहेत."

"कवापासून?"

मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि थेट दाराशी गेले. बाई ओरडली, "ओ भाऊ, बूट!"

"बूट गेले खड्ड्यात!" म्हणून त्यांनी कडी वाजवली, मग मुठी हाणल्या, मग खांदा लावला.

प्रवीण खाटेखाली पडलेला होता. ओकलेला. अंग गार आणि घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे. काळ्या प्लास्टिकमुळे आत इतका अंधार होता की चाचांनी आधी ते फाडलं. उजेड तोंडावर पडला तरी त्याच्या पापण्या हलल्या नाहीत. समोरच्या बाईने त्याचे पाय धरले, चाचांनी खांदे. व्हॅन वणीच्या रस्त्याला लागली तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य पाठ करत होते, पल्लवीने सांगितलेलं.

वणीच्या दवाखान्यात पोचताच तेच पहिलं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. सलाईन, सुई, आणि थोडा शुद्धीवर येताच ॲम्ब्युलन्सने यवतमाळ.

यवतमाळ

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या. त्यांनी उरलेली शिकवणी घेतली. बाहेरून इतके महिने गोळी येत राहिली, म्हणून किडनीवरच्या ग्रंथी काम सोडून बसल्या. पहाटेचा सांगावा आला तरी उठणारं कुणी नाही. गोळी एकदम थांबली, आणि शरीराकडे स्वतःचं बळच नव्हतं. आता गोळी द्यायची ती अगदी हिशेबाने, रोज उजाडल्यावर, आणि महिनोन् महिने हळूहळू कमी करत. रात्रपाळी बंद. ग्रंथी पुन्हा उठतील का?

"बहुतेक उठतील," त्या म्हणाल्या. "पण वचन देत नाही."

सुया थांबल्या आणि नर्सबाईंनी प्रवीणच्या तळहातावर गोळी ठेवली. त्याने ती परत दिली.

"माही शपथ हाय."

आधी नर्सबाई हसल्या. मग डॉक्टरीणबाई आल्या, समजावलं, मग रागावल्या. "ही घेतली नाहीस तर पुन्हा तसाच पडशील. त्या वेळी दार फोडणारं कुणी नसलं तर?"

प्रवीण छताकडे बघत होता. आई दिग्रसहून आली होती, पायथ्याशी बसली होती. मला वाटलं ती पाया पडेल त्याच्या. ती म्हणाली, "देवासमोरची हाय वो. मोडली तं त्याच्यावर काय येईन?"

"आई, न मोडता काय येतंय ते दिसतंय ना तुला!"

"ताई," प्रवीण म्हणाला, "तू म्हनते ते खरं असन. तू शिकली हायस. पन माह्याकडे काय हाय? कंबर गेली, काम गेलं. मी मामाच्या देवावर हात ठेवला, तिच्यासमोर. तेवढंच धरून हाय."

मग चाचा म्हणाले, "आमच्यात शपथ मोडा लागली तं गरिबाले जेवू घालतो, का झालं. तुमच्यात काय करतेत?"

आई हळूच म्हणाली, "ज्याच्यासमोर घेतली त्यानं 'सुटली' म्हनलं तं सुटते."

लहानपणी आम्ही खेळताना हेच करायचो. शप्पथ घातली की दुसरा गयावया करायचा, सुटली म्हण, सुटली म्हण. मी बी.एस्सी. झालेली बाई त्या वॉर्डात उभी राहून मुकुटबनला फोन लावत होते, एका माणसाने एक शब्द म्हणावा म्हणून.

नामदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. स्पीकर सुरू होता. "वाचला ना?" त्यांनी आधी विचारलं. मग, "गोळ्या किती दिवस?"

"महिने. कदाचित जास्त."

"मॅडम, मंग सोयरिकीचं राहू द्या. वाईट नका वाटून घेऊ. मी पोरीचा बाप हाय."

प्रवीणने डोळे मिटले. मी म्हटलं, "ठीक आहे. तेवढी शपथ सोडवा."

"ते कसं जमन?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "त्या देवाऱ्यावर माही बी शपथ हाय. आज त्याची सोडवली, तं उद्या माही कशावर टिकन? तुमाले नाई समजनार ते. मले रोज संध्याकाळी समजते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो माणूस खरंच घाबरला होता.

मग पलीकडे काहीतरी खडखडलं, बापलेकीचं बोलणं झालं, आणि पल्लवीचा आवाज आला. "ऐकून राह्यले काय प्रवीण? तुमी माह्यासमोर घेतली होती. मी पुसलं म्हून घेतली. मी सोडवते. सुटली. सुटली. आता गोळी खा."

प्रवीणने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिच्यासमोरचीच होती. चालते."

नर्सबाईंनी पाणी दिलं. त्याने गोळी गिळली आणि तोंडावरून चादर ओढून घेतली. फोन केव्हाच बंद झाला होता.

दिग्रस

परत येताना व्हॅनमध्ये तो मागच्या सीटवर आडवा होता. आर्णीला आम्ही थांबलो नाही.

आता रोज उजाडताना तो ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसतो. उजेड डोळ्यांत जाऊ द्यायचा, मग गोळी. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं आहे. गोळी थोडी थोडी लहान होते आहे, तसा चेहराही उतरतो आहे. गल्लीतल्या बाया आईला म्हणतात, "पोरगं वायलं वो तुमचं, काडी झाली त्याची." आई मोबाईल काढते आणि तोच गोल चेहऱ्याचा फोटो दाखवते, म्हणते, "असा होता."

ग्रंथी उठल्या का ते रक्त तपासल्यावर कळेल. अजून उठलेल्या नाहीत. काही दिवस तो दुपारी चांगला बोलतो, चाचांच्या गॅरेजवर जाऊन बसतो. काही दिवस ताटावरच मान टाकतो.

एक सवय मात्र गेली नाही. झोपायला जाताना तो दाराबाहेर चपला उलट्या ठेवतो. आपण काय करतो हे त्याच्या लक्षातही येत नसावं. आई म्हणते, घरात भांडण लागेल. तो आत गेला की त्या सरळ करून ठेवते, आणि दाराची कडी वाजवून बघते. आतून त्याने हुंकार दिला की मग जाते.